पशुपालनातील सांडपाणी : स्वरूप, पर्यावरणीय परिणाम आणि व्यवस्थापन

प्रस्तावना

दुग्धव्यवसायाचा विचार करताना दूध, चारा, जनावरांचे आरोग्य आणि बाजारभाव यांची चर्चा होते. गोठ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची चर्चा सहसा होत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.३४ कोटी गाई-बैल आणि १०.९८ कोटी म्हशी होत्या. महाराष्ट्रात ही संख्या अनुक्रमे सुमारे १.३९ कोटी आणि ५६ लाख इतकी होती. एवढ्या मोठ्या पशुधनाचे शेण आणि मूत्र शतकानुशतके जमिनीत परत जात होते आणि त्यापासून पर्यावरणास मोठा धोका संभवत नव्हता. मग अलीकडच्या काही दशकांत हाच पदार्थ नदी-नाल्यांच्या व विहिरींच्या प्रदूषणाचे कारण का ठरावा, हा प्रश्न विचारात घेण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा शास्त्रीय अंगाने परामर्श घेतला असून गोठ्यातील सांडपाण्याच्या व्यवस्थापनाचे पर्याय आणि त्यांच्या मर्यादा यांची चर्चा केली आहे. साखर कारखाने, दूध प्रक्रिया प्रकल्प किंवा कत्तलखाने यांच्या सांडपाण्याचा विचार येथे अभिप्रेत नाही.

शेण आणि सांडपाणी यांतील भेद

पारंपरिक गोठ्यात पाण्याचा वापर अत्यल्प होता. सकाळी शेण हाताने उचलले जाई, गव्हाणीतील उरलेले वैरण व पालापाचोळा जनावरांच्या पायाखाली पसरला जाई आणि त्यात मूत्र शोषले जाई. हे सर्व उकिरड्यावर जाऊन वर्षअखेर शेतात पडे. या पद्धतीत काही दोष निश्चितच होते. उघड्या उकिरड्यातून नत्राचा मोठा अंश उडून जात असे. परंतु 'सांडपाणी' म्हणावे असे काही त्यातून फारसे निर्माण होत नव्हते.

संकरित गाई आल्या, दावणीखाली सिमेंटचा कोबा आला, विजेचा पंप आणि रबरी नळी आली, आणि गोठा धुण्याची पद्धत रूढ झाली. स्वच्छ दूध उत्पादनाच्या दृष्टीने ती आवश्यकही होती. कासेला शेण लागलेल्या जनावराचे दूध टिकत नाही, हे प्रत्येक दूध संकलन केंद्रास ठाऊक असते. मात्र जे शेण फावड्याने उचलता येत होते, ते पाण्यात मिसळताच वाहू लागले. घनरूप खत होते ते पातळ झाले, त्याचे वजन आणि आकारमान कित्येक पटींनी वाढले आणि ते शेतापर्यंत नेणे परवडेनासे झाले. उताराच्या दिशेने सोडून देणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग उरला. गोठ्यातील सांडपाण्याची समस्या ही मुळात शेणाची नसून शेणात मिसळलेल्या पाण्याची आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

प्राणवायूचा हिशेब

पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना जिवाणूंना जितका प्राणवायू लागतो, त्यास जैवरासायनिक प्राणवायू मागणी किंवा प्रचलित भाषेत बीओडी असे म्हणतात. घरगुती मैलापाण्याची बीओडी साधारणतः लिटरला २०० ते ३५० मिलिग्रॅम असते. गोठा आणि दोहनगृह धुतलेल्या पाण्याची ती १,००० ते २,००० मिलिग्रॅम, तर शेण-मूत्राच्या दाट रबडीची १०,००० ते २०,००० मिलिग्रॅमपर्यंत जाते. मुरघासाच्या खड्ड्यातून झिरपणारा रस याहूनही तीव्र असतो. सर्वांत तीव्र असते ते दूध. त्याची बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमहून अधिक आहे. म्हणजेच नासलेले एक लिटर दूध नाल्यात ओतले तर पाण्यावर पडणारा भार दोन माणसांच्या दिवसभराच्या मैल्याइतका असतो. याच्या तुलनेत, नदी-नाल्यांत सोडावयाच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांतील सर्वसाधारण मर्यादा ३० मिलिग्रॅम, आणि जमिनीवर सिंचनासाठी सोडावयाच्या पाण्यासाठी १०० मिलिग्रॅम आहे.

एका उदाहरणाने या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होईल. पन्नास म्हशींच्या एखाद्या तबेल्यात प्रत्येक जनावरामागे १०० लिटर पाणी धुण्यासाठी वापरले जाते असे मानू. दररोज ५,००० लिटर सांडपाणी तयार होईल. त्याची बीओडी २,००० मिलिग्रॅम धरल्यास एकूण प्राणवायू मागणी दिवसाला १० किलो होते. उन्हाळ्याखेरीज इतर काळात वाहत्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. त्यामुळे हे १० किलो भागविण्यासाठी साडेबारा लाख लिटर पाण्यातील सगळाच्या सगळा प्राणवायू खर्ची पडेल. माशांना जगण्यासाठी किमान ४ मिलिग्रॅम शिल्लक ठेवावयाचा असेल तर २५ लाख लिटर पाणी लागेल. वाहत्या पाण्यात हवेतून नवा प्राणवायू मिसळत राहतो हे खरे. परंतु महाराष्ट्रातील बहुतेक ओढे डिसेंबरनंतर वाहत नाहीत, डबक्यांच्या रूपाने उरतात. तेथे हा हिशेब जवळजवळ जसाच्या तसा लागू पडतो.

शिवाय हा हिशेब अपुरा आहे. मूत्रातील युरियाचे युरिएज या विकराच्या क्रियेने काही तासांतच अमोनियात रूपांतर होते. अमोनियाचे नायट्रेट होताना प्रत्येक ग्रॅम नत्रामागे सुमारे ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो आणि ही मागणी नेहमीच्या बीओडी चाचणीत पुरतेपणी दिसत नाही. पाण्याचा सामू आणि तापमान वाढले की अमोनियाचा मुक्त अंश वाढतो व तो माशांना विषारी ठरतो. स्फुरदाचा परिणाम मात्र सावकाश होतो. साठलेल्या पाण्यात शेवाळ आणि जलपर्णी माजते, तिच्या छायेखाली पाणी पुन्हा प्राणवायूहीन होते. साठविलेल्या रबडीतून मिथेन व नायट्रस ऑक्साइड हे हरितगृह वायू बाहेर पडतात, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

विहीर, मुरूम आणि नायट्रेट

पृष्ठभागावरील पाण्याचे प्रदूषण डोळ्यांना दिसते आणि नाकाला जाणवते. भूजलाचे तसे नाही. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाच्या थरात आणि त्याखालच्या भेगांत. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी जसे गाळले जाते, तसे भेगांतून वाहताना गाळले जात नाही. आपल्याकडील वस्तीवर विहीर, गोठा आणि उकिरडा हे तिन्ही पुष्कळदा एकाच आवारात, काही पावलांच्या अंतरावर असतात. पावसाळ्यात उकिरड्यातून उतरणारे काळपट पाणी कोठे जाते, याचा शोध घेण्याची गरज क्वचितच कुणास वाटते.

नायट्रेट पाण्यात पूर्णपणे विरघळते, मातीच्या कणांना चिकटत नाही आणि पाण्याबरोबर खाली जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. अधिक नायट्रेट असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते व त्यांची त्वचा निळसर पडते. हा संबंध अमेरिकेतील आयोवा राज्यात १९४५ मध्ये प्रथम दाखविला गेला. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. ग्रामीण भागात 'पाणी उकळून प्या' हा सल्ला जिवाणूंच्या संदर्भात योग्य असला तरी येथे तो उपयोगी नाही, ही बाब आरोग्यशिक्षणात पुरेशी अधोरेखित होत नाही.

या संदर्भात शोषखड्ड्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. घरातील न्हाणीच्या पाण्यासाठी शोषखड्डा हा सोपा आणि चांगला उपाय आहे. परंतु तोच उपाय गोठ्याच्या पाण्यासाठी सरसकट सुचविला जातो, तेव्हा नत्राने समृद्ध असे पाणी मुरमाच्या थरात थेट पोहोचविण्याची व्यवस्था केली जाते. डबके नाहीसे होते आणि समस्या सुटल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती दृष्टीआड झालेली असते.

वॉकर्टनचा धडा

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातील वॉकर्टन हे सुमारे पाच हजार लोकवस्तीचे गाव. मे २००० मध्ये तेथे मुसळधार पाऊस झाला आणि त्यानंतर गावात अतिसाराची साथ पसरली. ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूंमुळे २,३०० हून अधिक लोक आजारी पडले व सात जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशीत निष्पन्न झाले की, हे जिवाणू गावाच्या पाच क्रमांकाच्या विहिरीजवळील एका शेतात पसरलेल्या गुरांच्या खतातून आले होते. ही विहीर उथळ होती. तिचे पाणी जमिनीखाली केवळ साडेपाच ते साडेसात मीटरवरील भेगाळलेल्या खडकातून येत होते. पाण्यातील क्लोरीनवर सतत लक्ष ठेवणारी यंत्रणा तेथे बसविलेली नव्हती आणि कर्मचारी क्लोरीनच्या नोंदी खोट्या करीत होते.

या प्रकरणातील सर्वांत विचारप्रवर्तक बाब वेगळीच आहे. संबंधित शेतकऱ्याने खत टाकताना योग्य त्या सर्व पद्धती पाळल्या होत्या आणि त्याला दोष देता येणार नाही, असे चौकशीने स्पष्ट नमूद केले. दोष होता तो विहिरीच्या जागेत, तिच्या उथळपणात आणि देखरेखीत. खडक चुनखडीचा असो वा बेसाल्ट, भेगांतून येणाऱ्या उथळ विहिरीच्या पाण्याबाबत हा अनुभव आपल्याला परका मानता येत नाही. ऑन्टारियोने २००२ मध्ये खतातील पोषकद्रव्यांच्या व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदा केला. त्याची किंमत सात माणसांनी आधीच चुकविली होती.

जमीन किती हवी?

सांडपाणी व्यवस्थापनाच्या चर्चेत टाक्या, गाळण्या आणि यंत्रे यांना अग्रस्थान मिळते. खरा प्रश्न जमिनीचा आहे. एक जनावर दिवसाला १५ किलो शेण व १० लिटर मूत्र देते असे धरू. शेणात नत्र सुमारे ०.४ टक्के आणि मूत्रात सुमारे १ टक्का असते. त्यानुसार वर्षाला शेणातून सुमारे २२ किलो आणि मूत्रातून सुमारे ३६ किलो, असे एकूण ५८ किलो नत्र बाहेर पडते. यातील तीन-पंचमांशाहून अधिक भाग मूत्रात आहे. शेण जपून ठेवणारा आणि मूत्र वाहू देणारा शेतकरी खताचा मोठा वाटा गमावतो व तोच वाटा पाण्यास बाधक ठरतो.

दहा जनावरांचे हे नत्र ५८० किलो होते. युरोपीय संघाच्या १९९१ च्या नायट्रेट निर्देशानुसार पशुखतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपर्यंतच नत्र देता येते. त्या मापाने दहा जनावरांना सुमारे ३.४ हेक्टर जमीन हवी. आपल्याकडे सुरू उसासाठी हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. निम्मे नत्र उडून गेले असे मानून ही सर्व गरज पशुखतातूनच भागविली, तरी जवळजवळ तीन एकर ऊस लागेल. एक एकर जमीन आणि दहा गाई असा गोठा आज दुर्मीळ नाही. चारा व पशुखाद्य बाहेरून विकत येते, दूध बाहेर जाते आणि नत्र मात्र गोठ्यापाशी साठत राहते.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. शहरातील तबेले बाहेर नेण्याच्या हेतूने १९४९ मध्ये गोरेगाव येथे आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली व १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी यांच्या कल्पकतेतून साकारलेली ही वसाहत त्या काळी आदर्श मानली गेली आणि ते योग्यच होते. सुमारे १,२८७ हेक्टर क्षेत्रावर ३२ गटांत सुमारे १६,००० जनावरे, अशी ती योजना होती. म्हशींना वरील आकडा ढोबळमानाने लावला आणि डोंगर, रस्ते व इमारती यांसह वसाहतीची सगळीच जमीन गवताखाली आहे असे मानले, तरी हेक्टरी ७२० किलोच्या आसपास नत्र पडते. युरोपीय मर्यादेच्या चौपटीहून अधिक. ओशिवरा नदी याच परिसरात उगम पावते. वसाहतीच्या रचनाकारांना दोष देण्याचे कारण नाही, कारण असा हिशेब त्या काळी कोणीच मांडत नव्हते. पुढे नागरी क्षेत्रातील गुरे पाळण्यावर व त्यांच्या ने-आणीवर नियंत्रण आणणारा राज्याचा कायदा १९७६ मध्ये झाला आणि मुंबईतील जनावरांसाठी तत्कालीन ठाणे, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील दापचरीचा पर्याय पुढे आला. तथापि तबेले एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलविल्याने जनावरे व जमीन यांचे प्रमाण आपोआप सुधारत नाही.

बायोगॅस : उपयोग आणि गैरसमज

शेणापासून ज्वलनशील वायू मिळविण्याच्या तंत्रात भारताची परंपरा जुनी आहे. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास तरंगत्या टाकीचे संयंत्र विकसित केले व पुढे खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९८४ मध्ये दीनबंधू हे कमी खर्चाचे, स्थिर घुमटाचे संयंत्र आले. एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. पन्नास म्हशींच्या ७५० किलो शेणापासून दिवसाला ३० घनमीटर मिळू शकेल.

येथे दोन गैरसमज आढळतात. पहिला असा की, गोठ्याचे सर्व पाणी संयंत्रात सोडले म्हणजे काम झाले. संयंत्रासाठी शेण आणि पाणी समप्रमाणात असावे लागते. ७५० किलो शेणात तितकेच पाणी मिसळले तर रोजचा भरणा १,५०० लिटर होतो आणि आपल्या हवामानास योग्य अशा चाळीस दिवसांच्या मुक्कामासाठी ६०,००० लिटरचे संयंत्र पुरते. त्यातच धुण्याचे ५,००० लिटर पाणी सोडले तर रोजचा भरणा ५,७५० लिटर होतो आणि मुक्काम जेमतेम दहा दिवसांवर येतो. अर्धवट कुजलेले शेण बाहेर पडते, वायू घटतो, आणि 'संयंत्र चालत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. बायोगॅसमुळे सेंद्रिय भार कमी होतो, दुर्गंधी कमी होते. पण नत्र व स्फुरद जवळजवळ तेवढेच राहतात. उलट नत्राचा अमोनियारूप अंश वाढतो. पिकाला तो लगेच उपलब्ध होतो म्हणून ही मळी उत्तम खत आहे, आणि त्याच कारणाने ती नाल्यात गेल्यास अपायकारकही आहे. संयंत्राच्या निर्गमद्वाराशी जमीन नसेल तर समस्या केवळ चाळीस दिवसांनी पुढे ढकलली जाते.

व्यवस्थापनाचे पर्याय

वरील विवेचनावरून व्यवस्थापनाची सुरुवात पाण्याच्या बचतीने व्हावयास हवी हे उघड आहे. धुण्यापूर्वी शेण खरडून उचलणे हा एकच बदल सांडपाण्याचा भार सर्वांत जास्त कमी करतो आणि त्यास फावड्याखेरीज काही लागत नाही. छपरावरील पावसाचे पाणी पन्हळीने वेगळे काढणे, उकिरड्यावर छप्पर व त्याभोवती बांध घालणे हे उपाय तितकेच साधे आहेत. गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्रात रुजलेला मुक्त संचार गोठा या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. जनावरे मोकळ्या आवारात फिरतात, शेण मातीत तुडवले जाऊन वाळते आणि काही महिन्यांनी खत म्हणून उचलले जाते. मजुरीची बचत आणि जनावरांचे आरोग्य या कारणांसाठी शेतकऱ्यांनी तो स्वीकारला. सांडपाणी घटणे हा त्याचा अनुषंगिक लाभ आहे. पावसाळ्यातील चिखल ही त्याची उणीव होय, आणि कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात तो जसाच्या तसा चालणार नाही.

मोठ्या गोठ्यांत स्थिरीकरण हौदातून घन भाग वेगळा काढणे, त्यानंतर तलावांत किंवा पाणकणसासारख्या वनस्पतींच्या वाफ्यांत पाणी काही दिवस ठेवणे आणि शेवटी ते हत्ती गवत किंवा पॅरा गवत यांसारख्या चारापिकांस देणे, असा क्रम उपयुक्त ठरतो. पॅरा गवत ओलसर जमिनीत व सांडपाण्यावर जोमाने वाढते. मात्र पावसाळ्यात भिजलेल्या जमिनीवर असे पाणी सोडणे म्हणजे ते ओढ्यातच सोडणे होय. युरोपात हिवाळ्यात खत पसरण्यावर बंदी असते. आपल्याकडे तशी अडचण पावसाळ्याची आहे. रोजचे ५,००० लिटर चार महिने साठवावयाचे तर सहा लाख लिटरचा हौद लागेल. लहान व मध्यम गोठ्यांना ते शक्य नाही, म्हणून त्यांच्यासाठी कोरड्या पद्धतीस पर्याय दिसत नाही.

कायदा आणि वस्तुस्थिती

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ नुसार प्रदूषक द्रव्य प्रवाहात सोडणे प्रतिबंधित आहे. तथापि गोठे हा या कायद्याच्या अंमलबजावणीत दीर्घकाळ दुर्लक्षित घटक राहिला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० मध्ये दुग्धशाळा व गोशाळांसाठी प्रथमच सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरांलगतच्या मोठ्या तबेल्यांच्या बाबतीत त्यांचा उपयोग होईल. चार-सहा जनावरांच्या गोठ्यांपर्यंत असे नियमन पोहोचणे अवघड आहे आणि ते पोहोचावे काय, याविषयीही दुमत होऊ शकते.

या लहान गोठ्यांपर्यंत पोहोचते ती शासकीय अनुदानाची योजना. राज्य शासनाने २०२१ मध्ये रोजगार हमी योजनेच्या अभिसरणातून सहा जनावरांच्या पक्क्या गोठ्याचा जो आराखडा मंजूर केला, त्यात २५० लिटरचे मूत्रसंचय टाके समाविष्ट आहे. मूत्र वेगळे साठविण्याची ही तरतूद स्वागतार्ह आहे, कारण नत्राचा मोठा भाग तेथेच हाती लागतो. सहा जनावरांचे दिवसाचे ६० लिटर मूत्र धरल्यास हे टाके चार दिवसांत भरते आणि दर चौथ्या दिवशी ते चारापिकास देता येते. मात्र गोठा धुण्याची नळी त्याच गटाराला जोडलेली असेल तर टाके एका सकाळीच भरून वाहू लागते. धुण्याचे पाणी आणि मूत्र यांसाठी दोन स्वतंत्र मार्ग, अथवा एकाच मार्गावर धुताना बदलता येईल अशी साधी फळी, एवढी दुरुस्ती आराखड्यात केल्यास त्याचा खर्च गोठ्याच्या एकूण खर्चाच्या मानाने नगण्य राहील. गोठा बांधून झाल्यावर कोबा फोडून ही व्यवस्था करणे मात्र कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारे नाही.